गल्लीभर मावश्या

९ जून

प्रिय मावशी,

पोचलो. सामान लागलं. बाबांनी पहिल्याच दिवशी नव्या घराच्या गिझरशी भांडण उकरून काढलं, ते अजून चालू आहे. आई म्हणते, बदली झाली की हा माणूस महिनाभर असाच वागतो.

तू दिलेला पाकिटांचा गठ्ठा स्वेटरखाली ठेवलाय. प्रत्येक पाकिटावर तू स्वतःच तुझा पत्ता लिहिलास आणि तिकीटसुद्धा चिकटवलंस. एवढा अविश्वास बरा नव्हे. मी आळशी आहे हे मान्य, पण फोनपेक्षा पत्रच बरं. तुझ्या पार्लरमध्ये फोन केला की मागून कोणीतरी डोक्याला रंग थापलेली बाई विचारते, "ताईची मुलगी का? अजून तेवढीच बारीक आहे का?"

आमच्या इमारतीमागे टेबल टेनिसचा हॉल आहे. खाली दुकानांची रांग, वर हॉल. मी रोज संध्याकाळी जाते. शिकवणाऱ्या बाई भयंकर आहेत. माझा बॅकहँड बघून म्हणाल्या, "खेळतेस की झाडू मारतेस?" सगळे हसले. शाळेत अजून कोणी ओळखीचं नाही, इथे ही तऱ्हा. मला त्या दिवशी घरी येऊन रडायला आलं, पण गिझरवाला आलेला होता म्हणून रडता आलं नाही.

पण इथे एक जण आहे. त्याला माझा खेळ खरंच कळतो. तो म्हणतो, बाईंना माझी किंमत नाही. मला 'चॅम्पियन' म्हणतो. परवा त्याने मला नवीन बॅट दिली, लाल रबराची. कोणाला सांगू नकोस म्हणाला, बाकीच्यांना वाईट वाटेल. तुला सांगतेय कारण तू कोणी नाहीस, तू मावशी आहेस. आईला सांगू नकोस हां. बॅट मैत्रिणीची आहे असं मी तिला सांगितलंय.

तुझी,
टकळी

—

१४ जून

टकळे,

तर 'एक जण'.

अगं, मी वीस वर्षं बायकांच्या डोक्यात हात घालून बसले आहे. केसांची टोकं कुठे दुभंगलीत ते मला दुरून दिसतं, आणि पोरींची मनं कुठे गुंतलीत तेही. काय वय त्याचं? मिसरूड फुटलं की अजून वाट बघतोय? बॅट दिली म्हणजे पोरगा कामाचा आहे. आमच्या वेळी पोरं फार फार तर खोडरबर द्यायची, तेही स्वतःचं झिजलेलं. जा, खेळ. आईला सांगणार नाही, वचन. ताईला पंधराव्या वर्षी कोण पेन द्यायचं हे मी अजून तिच्या नवऱ्याला सांगितलेलं नाही.

आमच्या गल्लीतली मोठी बातमी ऐक. तुला कुलूपवाले आठवतात ना, ज्यांच्या मिशीला तू लहानपणी रिबीन बांधायला गेली होतीस? ते आता मावशी झालेत.

झालं असं. हिवाळ्यात शिवणवाल्या बाईंच्या धाकटीच्या मागे एक गोडबोल्या लागला होता. आज हेडफोन दे, उद्या गाडीतून सोड, असं चाललेलं. वेळेवर कळलं म्हणून निभावलं, पण पोरगी महिनाभर कोणाशी बोलेना. मग सगळे दुकानदार माझ्या पार्लरमध्ये जमले. बसायला जागा नाही म्हणून अर्धे जण ड्रायरच्या टोपांखाली बसले होते. तिथे ठरलं की गल्लीतल्या कुठल्याही पोराला कोणी मोठा माणूस भेट, गाडी किंवा गुपित देऊ लागला, तर पोराने एवढंच म्हणायचं, "मावशीला विचारून सांगतो," आणि जे दुकान जवळ असेल त्यात शिरायचं. आत जो असेल तो मावशी. मावशीने काही विचारायचं नाही, आधी स्टूल द्यायचं, मग घरी फोन.

कुलूपवाल्यांनी हरकत घेतली. "मी मावशी कसा? मामा म्हणा की." मी म्हटलं, मामा नको, मामा लोकांना कोणीही बनवतं. माय मरो पण मावशी उरो, असं म्हणतात. मामाबद्दल असं कोणी म्हटलेलं मला माहीत नाही. ठराव पास झाला, आणि प्रत्येक दुकानाच्या दारावर 'मावशी' असा स्टिकर लागला.

आणि मग आम्ही पहिला माणूस पकडला. शाळेच्या फाटकाशी एक जण पिशवी घेऊन उभा होता. पोरांना चकचकीत डब्या वाटत होता, वाकून म्हणत होता, "तोंड उघड बघू." दोन मुली धावत कुलूपवाल्यांकडे आल्या, "मावशी, मावशी." कुलूपवाल्यांनी त्या गृहस्थाला मोठ्या आदराने दुकानात बोलावलं, मुलींना माझ्याकडे पाठवलं, आतून दाराला नवंकोरं कुलूप घातलं आणि पोलिसांना फोन केला. पोलीस आले तेव्हा लक्षात आलं की त्या कुलपाची किल्ली अजून घडवायची होती. गल्लीभर हसं झालं. कुलूपवाला स्वतःच्याच कुलपात अडकला.

दार उघडेपर्यंत कळलं की तो शाळेने बोलावलेला दातांचा डॉक्टर आणि डब्यांत टूथब्रश. वेळ जावा म्हणून त्याने कुलूपवाल्यांचे दात तपासले. दोन दाढा किडलेल्या निघाल्या. डॉक्टर भला माणूस, रागावला नाही. म्हणाला, "मुली आल्या हे छान झालं, मी फाटकावर शाळेचं ओळखपत्र लावायला हवं होतं." आता त्याच्या दवाखान्याच्या दारावरही मावशीचा स्टिकर आहे.

त्या पोराचा फोटो असेल तर पाठव. मिशी बघायची आहे.

तुझी,
मावशी

—

१८ जून

मावशी,

तू पण आईसारखीच. मला वाटलं होतं तू तरी चिडवणार नाहीस.

तो पोरगा नाही. तो हॉलचा मॅनेजर आहे. बाबांपेक्षा थोडा लहान असेल, पण स्वतःच म्हणतो, मला अहो-जाहो करू नकोस, आपण मित्र आहोत. सगळे त्याला मानतात. हॉलचे दिवे, पंखे, जाळ्या सगळं तोच बघतो, आणि कोणाच्या घरी अडचण असली की पहिला धावतो. बाबांच्या गिझरसाठी माणूसही त्यानेच पाठवला. आई म्हणाली, असा एक माणूस शेजारात असला की नवीन गावात जीवाला आधार वाटतो. बघ, आईलासुद्धा तो आवडतो.

आणि प्रेमबिम काही नाही. शी. त्याला माझ्यात खेळाडू दिसतो, एवढंच. तो म्हणतो, मी वयाच्या मानाने फार समजूतदार आहे, म्हणून माझ्याशीच मनातलं बोलता येतं. त्याचं घरी पटत नाही. मला वाईट वाटतं त्याचं. रात्री मेसेज करतो, मी वाचून पुसून टाकते, कारण आई फोन बघते आणि तिचा उगीच गैरसमज होईल. हे पण तोच म्हणाला, आणि ते खरं आहे, आईचा होतोच.

आता खरी बातमी. २९ तारखेला रविवारी दुसऱ्या गावात निवड चाचणी आहे. फक्त माझं नाव त्याने सुचवलंय. तो मला गाडीने नेणार. बाईंना सांगायचं नाही, त्या जळतील. घरी सांगायचं की सगळी टीम चालली आहे. मावशी, मला कोणी कधी कशासाठी निवडलेलं नाही. शाळेच्या नाटकातसुद्धा मी झाड होते. म्हणून तुझ्या चिडवण्याचा राग आला. पण तुझा राग टिकत नाही माझ्याकडे.

तो डॉक्टर आणि कुलूप वाचून मी एकटीच हसले. आईने विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही.

टकळी

—

२१ जून

माझ्या टकळे,

तुझं पत्र आलं तेव्हा एका बाईंच्या अर्ध्या डोक्याला रंग लावून झाला होता. उरलेलं अर्धं तसंच राहिलं. त्या म्हणतात आता तशीच फॅशन करा.

आधी माफी. मी पोरगा समजले आणि खिदळत बसले. चुकले. दुसरं म्हणजे, आईला सांगणार नाही असं मी वचन दिलं होतं. ते मी मोडणार आहे, आणि तुझ्या तोंडावर सांगून मोडणार आहे. पाठीमागे नाही. हे पत्र मंगळवारपर्यंत तुझ्या हातात पडेल. बुधवारी संध्याकाळी मी ताईला फोन करणार. त्याआधी तू स्वतः तिला सांगितलंस तर मला फार बरं वाटेल. ती ओरडेल, मग रडेल, मग तुला जेवायला वाढेल. मी तिला तुझ्या जन्माच्या आधीपासून ओळखते.

मी त्या माणसाला पाहिलेलं नाही. तेव्हा मी त्याला शिव्या देत नाही. मी तुझ्याशी पैज लावते.

तू त्याला एवढंच सांग, "रविवारी माझी मावशी पण येतेय. तिला गाडी लागते, ती पुढच्या सीटवर बसेल. आणि आईला मी सगळं सांगितलंय." बस. जो तुझ्यात खेळाडू बघतोय तो म्हणेल, या की, मावशींना उलटीची पिशवी घ्यायला सांगा. असं म्हणाला तर मी हरले. मग तुझे केस हव्या त्या रंगात रंगवून देईन, निळे म्हण, हिरवे म्हण, ताईशी मी भांडेन. पण त्याचा चेहरा उतरला, तो चिडला, तुला अपराधी वाटेल असं काही बोलला, तर मी जिंकले. मग तू मला वर्षभर पत्रात 'महाराणी' म्हणायचं.

एक अट. हे हॉलमध्ये सांगायचं, सगळ्यांसमोर, त्या झाडूवाल्या बाई शेजारी असताना. जिन्यात नाही, फाटकाशी नाही, गाडीजवळ तर मुळीच नाही. ऐकशील?

आणि हे नीट वाच. तुला निवडलं म्हणून तुला आनंद झाला, त्यात तुझं काही चुकलं नाही. पंधराव्या वर्षी कोणालाही होईल. कोणाच्या घरचं दुःख वाहणं हे तुझं काम नाही, तो बाप्या माणूस आहे, त्याला त्याच्या वयाचे मित्र मिळतील. मला भीती वाटतेय, टकळे. मी थट्टा करतेय ती तुला हे पत्र शेवटपर्यंत वाचता यावं म्हणून.

हॉलच्या खाली दुकानं आहेत म्हणालीस. आमच्या गल्लीचा नियम तिथेही चालतो, त्या दुकानदारांना माहीत नसला तरी.

तुझी,
मावशी

—

२६ जून

बाईसाहेबांस नमस्कार.

पत्र लिहायची सवय नाही, चूकभूल द्यावी घ्यावी. तुमची भाची म्हणाली की मावशी फोनपेक्षा पत्र नीट वाचते, आणि तिने तिच्याकडचं तिकीट लावलेलं पाकीट दिलं. माझं दुकान टेबल टेनिसच्या हॉलखाली आहे. पंख्याच्या, मिक्सरच्या जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देतो. चिडका म्हणून प्रसिद्ध आहे. दुकानासमोर कोणी सायकल लावलेली मला खपत नाही.

काल संध्याकाळी एक मुलगी दारात आली. मागे वळून रस्त्याकडे मोठ्याने म्हणाली, "मावशीला विचारून सांगते." मग आत येऊन मला म्हणाली, "मावशी, बसू का?"

मी म्हटलं, पोरी, डोळे तपासून घे.

ती हलली नाही. तेव्हा मी तिच्याकडे नीट बघितलं. तिचा रंग उडाला होता. मी स्टूल पुढे सरकवलं. ती बसली आणि दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरून राहिली.

मागोमाग हॉलचा मॅनेजर आला. या माणसाला मी चांगलं ओळखतो, म्हणजे तसं मला वाटत होतं. हॉलचे पंखे माझ्याकडेच येतात. गोड बोलतो, चहा पाजतो. मी चार लोकांत त्याचं कौतुक केलेलं आहे. तो हसत म्हणाला, "आमची खेळाडू आहे, जरा रुसली आहे. चल गं." ती उठली नाही. मी म्हटलं, ती बसली आहे. तो म्हणाला, "तुम्ही कोण हिचे?"

का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मला मिशी आहे हे सांगायला हवं. तो आत पाऊल टाकू लागला तेव्हा मी टेबलावरचा पंखा पूर्ण वेगात चालू केला. त्याला जाळी बसवायची राहिली होती. म्हटलं, साहेब, जवळ येऊ नका, बोट जाईल. तो मुलीकडे बघून म्हणाला, "मी तुझ्यासाठी एवढं केलं आणि तू हे केलंस." हसू गेलं होतं. मग गाडीत बसून निघून गेला.

तुमच्या भाचीने नंतर सांगितलं की तुम्ही हॉलमध्ये, सगळ्यांसमोर बोलायला सांगितलं होतं. तिला वाटलं पैज तीच जिंकणार, म्हणून फाटकाशीच सांगून मोकळी झाली. तो आधी हसला, मग म्हणाला गाडीत बस, इथे तमाशा नको, नाहीतर तू काय काय लिहिलंस ते सगळ्यांना दाखवीन. मी तिला रागावलो नाही. माझं काम स्टूल द्यायचं आहे असं ती म्हणाली.

तिची आई धावत आली, एका पायात एक आणि दुसऱ्या पायात दुसरीच चप्पल. मुलीने तिला आदल्या रात्रीच अर्धं सांगितलं होतं. उरलेलं माझ्या दुकानात सांगितलं. मी पंखा बंद करून बाहेर उभा राहिलो.

आता माझी अडचण. आज दुपारपासून हॉलमधली पोरं येता-जाता मला 'मावशी' म्हणत आहेत. एक तर स्टूल मागून बसून गेला, कशाला विचारलं तर म्हणाला, बघत होतो चालतं का. या पदाचा राजीनामा कोणाकडे द्यायचा ते कृपया कळवावे.

आपला,
पंखेवाला

—

२९ जून

पंखेवाले भाऊ,

तुमचं पत्र मी पाच वेळा वाचलं आणि प्रत्येक वेळी 'मावशी' या शब्दापाशी येऊन रडले. गिऱ्हाइकांना वाटलं रंगाचा वास डोळ्यांत गेला.

शुक्रवारी ताईकडे येऊन गेले. तुमच्या दुकानाशीही आले होते, तुम्ही ताई आणि त्या शिकवणाऱ्या बाईंबरोबर चौकीवर जबाब द्यायला गेला होता. दारासमोर एक सायकल लावलेली होती. मी ती काढली नाही, माफ करा.

तुम्ही त्याचं कौतुक केलं होतं याचं वाईट वाटून घेऊ नका. माझ्या बहिणीनेही केलं. अशी माणसं पोरांना गोड बोलण्याआधी मोठ्यांना गोड बोलतात, गिझर दुरुस्त करून देतात. आमच्या गल्लीने तर दातांच्या डॉक्टरला कोंडलं. चेहऱ्यावरून आम्हाला काही कळत नाही हे सिद्ध झालेलं आहे. म्हणून चेहरा बघायचाच नाही. पोराला गुपित ठेवायला कोण सांगतं, एवढंच बघायचं.

राजीनामा मंजूर होत नाही. आमच्याकडच्या कुलूपवाल्यांनी दोनदा दिला, दोन्ही वेळा आम्ही त्यावर भाजी निवडली. सोबत स्टिकर पाठवते आहे, तुमच्या रांगेतल्या सगळ्या दुकानांना पुरतील. आणि आणखी एक स्टूल घेऊन ठेवा.

तुमची,
सहकारी मावशी

—

२० जुलै

महाराणींच्या चरणी,

घे. लिहिलं. वर्षभर लिहीन. निळे केस गेले.

तू जाताना म्हणालीस, सगळं सांग, चांगलं तेवढंच नको. तर सांगते. पहिला आठवडा मला तुझाच राग आला होता. तू पैज लावली नसतीस तर तो चांगलाच राहिला असता, असं मला वाटत होतं. वेडेपणा आहे, पण वाटत होतं. मला कोणी 'चॅम्पियन' म्हणणारं उरलं नव्हतं. मी आईला विचारलं, तो खोटं बोलत होता म्हणजे मी वाईट खेळते का? तिने बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, मला गिझर कळत नाही, टेबल टेनिस काय कळणार.

मग मी झाडूवाल्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "फोरहँड चांगला आहे. पाय जड आहेत. बॅकहँड अजून झाडूच." मावशी, मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच रडले. त्या घाबरल्या आणि म्हणाल्या, बरं, झाडू नाही, ब्रश म्हणू.

पोलिसांत तक्रार झाली, तपास चालू आहे. तो आता हॉलवर येत नाही. बाईंनी एकेका मुलीशी वेगवेगळं बोलून बघितलं. आणखी दोघींना लाल रबराची बॅट मिळाली होती. आम्हा प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीच. आता आम्ही तिघी एकत्र खेळतो, जुन्या बॅटने. मी मेसेज पुसले होते, पण त्यांच्यातल्या एकीने तिला आलेले पुसले नव्हते, तेही पोलिसांकडे गेलेत. हॉलमध्ये पालकांनी ठरवलंय की कोणी मोठा माणूस एकट्या मुलाला गाडीत नेणार नाही, बाईसुद्धा नाहीत. बाई म्हणाल्या, माझ्याकडे स्कूटर आहे, तीही बंद.

पंखेवाल्यांकडे आता चार स्टुलं झालीत. स्टिकर त्यांनी आधी उलटा लावला होता. अजून चिडतात. पण दुकानासमोरची सायकल मात्र हलवत नाहीत.

आता शेवटची गोष्ट. काल मी सरावानंतर हॉलच्या पायरीवर बुटाची लेस बांधत बसले होते. तिसरीतली एक छोटी आली. आमच्याकडे नवीन आहे, अजून कोणाशी बोलत नाही. मी हलणार तेवढ्यात तिने माझी बाही धरली आणि म्हणाली, "मावशी, मला एक विचारायचंय."

मावशी! मी पंधराची आहे. मी तिला सांगणार होते की ताई म्हण, निदान ताई तरी म्हण. पण पंखेवाल्यांच्या दुकानात त्या दिवशी मी स्टुलाची कड धरून बसले होते ते आठवलं.

मी सरकले आणि पायरीवर तिला जागा करून दिली.

तुझी,
टकळी (मावशी)